कॅमेऱ्यामागून – लेखांक २३ : डोणीची डावी भिंत

पावसाळी ढगांचं मीटरिंग आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. चिपळूणहून एका वाचकांचा फोन आला आणि चार दिवस दुसरं काही सुचेना. हे गृहस्थ लोट्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळतात, म्हणजे गेज आणि सेन्सर तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. नुकताच त्यांनी पहिला महागडा कॅमेरा घेतला. म्हणाले, "सर, आठवडाभर याला पिळून काढणार आहे. एका दिवसात वीस हजार फोटो. मग चार तास फ्रीजमध्ये. मग दुपारी काचा बंद करून गाडीत, उन्हात. मोडायचा तर वॉरंटीत असतानाच मोडू दे. बरोबर ना?"

"नका हो" एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण त्यांचा हिशेब अडाण्याचा नव्हता. यंत्रं कधी बिघडतात याचा एक प्रसिद्ध आलेख आहे. इंग्रजीत त्याला बाथटबची उपमा देतात. आपण गोठ्यातली दगडी डोण डोळ्यांपुढे आणू. डावी भिंत उंच : नव्या कोऱ्या मालातले जन्मजात दोष पहिल्या काही दिवसांत उघडे पडतात. मधला तळ सपाट : वर्षानुवर्षं सुरळीत, क्वचित कुठे अपघाती बिघाड. उजवी भिंत पुन्हा उंच : झीज. कारखाने नव्या इलेक्ट्रॉनिक मालाला काही तास गरम ठेवून चालवतात, ते डावी भिंत गिऱ्हाइकाच्या दारात जाण्याआधीच ओलांडावी म्हणून. चिपळूणच्या गृहस्थांना तेच घरी करायचं होतं.

गोची इथे आहे की वीस हजार फोटो डाव्या भिंतीवर पडतच नाहीत. ते पडतात उजव्या भिंतीवर.

शटर हा कॅमेऱ्यातला हलणारा, झिजणारा भाग. निकॉनच्या डी८५०चं शटर २,००,००० वेळा उघडझाप करून तपासलेलं आहे, कॅननच्या वनडीएक्सचं ४,००,०००. हे आकडे म्हणजे हमी नव्हे. एखादं शटर तीस हजारांत मान टाकतं, एखादं पाच लाखांनंतरही टकटकत असतं. तरी हिशेबापुरतं दोन लाख धरा. वीस हजार फोटो म्हणजे दहा टक्के आयुष्य एका दिवसात खर्च. बदल्यात कळलं काय? तर शटर वीस हजारांपर्यंत टिकतं. ते तसंही टिकणारच होतं. आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर हे फोटो काढले, तर पडदा हलतच नाही; म्हणजे झीजही नाही आणि तपासणीही नाही. नुसतं कार्ड भरतं. जन्मजात दोष म्हणजे कुठे कच्चा राहिलेला टाका, कुठे सैल बसलेली रिबन केबल. ते बाहेर येतात चालू-बंद करताना, तापताना, निवताना. आठवडाभर कॅमेरा रोज वापरलात, तरी हे आपसूक होतं.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक साक्ष. २०१२ साली निकॉनचा डी६०० आला आणि काही दिवसांतच लोकांना आकाशाच्या फोटोंत, बहुतेक डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, काळे ठिपके दिसू लागले. धूळ आणि तेलाचे कण सेन्सरवर बसत होते. बऱ्याच जणांचा अनुभव असा की पहिल्या दोन-तीन हजार फोटोंत ठिपके वाढत जात. पुढे २०१३मध्ये नवं शटर घालून डी६१० आला आणि २०१४च्या फेब्रुवारीत कंपनीनं डी६००चं शटर वॉरंटी संपली असली तरी फुकट बदलून देण्याचं जाहीर केलं. त्या कॅमेऱ्यावर पहिल्याच आठवड्यात तीन हजार फोटो काढणारा शहाणा ठरला असता. कबूल. पण तीन हजार. वीस हजार नव्हे. शिवाय दोष पकडला तो फोटोंच्या संख्येनं नव्हे. एफ/१६ला रिकाम्या आकाशाचा एक फोटो काढून तो मोठा करून पाहिला, त्यानं.

दुसऱ्या टोकाला लायकाचा एम९. २००९चा कॅमेरा, किंमत ऐकून माणूस खाली बसेल असा. त्याच्या सेन्सरवरची काच काही वर्षांनी गंजू लागली, फोटोंत वर्तुळाकार डाग येऊ लागले. कंपनीनं हे मान्य केलं २०१४मध्ये. पहिल्या आठवड्यात तुम्ही तो कॅमेरा उकळला असता, तरी त्या काचेनं तुम्हाला काही सांगितलं नसतं. तिचं घड्याळ वेगळं होतं.

कोकणातल्या वाचकांनी मात्र २००५ची गोष्ट लक्षात ठेवावी. सोनीनं बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होऊ लागले. आतल्या बारीक तारांचे जोड सुटायचे आणि फोटो जांभळट, वेडेवाकडे यायचे, नाहीतर नुसताच काळोख. हे सेन्सर सोनीबरोबरच कॅनन, निकॉन, फुजीफिल्म अशा अनेकांच्या छोट्या कॅमेऱ्यांत होते. सगळ्यांनी फुकट दुरुस्तीच्या सूचना काढल्या. या दोषाला पकडणारी परीक्षा कुठली? फ्रीज? बंद गाडी? त्याला पकडलं ते ऊन आणि दमट हवेत काढलेल्या महिन्यांनी. रत्नागिरीचा एक पावसाळाही त्या कामाला बरा.

फ्रीजवरून आठवलं. हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. माझा पहिला डिजिटल एसएलआर घेतला, त्यानंतरच्या जानेवारीत हिमालयात जायचं ठरलं होतं. थंडीत चालेल का पाहावं म्हणून मे महिन्यात तो चार तास फ्रीजरमध्ये ठेवला. बायकोनं मटारच्या पिशव्या हलवून जागा करून दिली, याचा उल्लेख ती आजही चारचौघांत करते. कॅमेरा थंडीत उत्तम चालला. मग मी तो बाहेर काढून ओट्यावर ठेवला. पाच मिनिटांत माठासारखा पाझरू लागला. बाहेरचं पाणी पुसलं. व्ह्यूफाइंडरच्या आतलं कसं पुसणार? लेन्सच्या आतही धुकं धरलं. ते विरलं, मी विसरलो, आणि श्रावणात त्याच लेन्समध्ये बुरशीची नक्षी उमलली. कॅमेरा परीक्षेत पास झाला, मी नापास.

दोष थंडीचा नव्हताच, दवाचा होता. समुद्रकाठी हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असली, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेली कुठलीही वस्तू घाम धरणार. म्हणजे फ्रीजरचीही गरज नाही; एसी २४वर लावून गणपतीपुळ्याला गाडीतून उतरलात की झालं. इलाज फुकटचा आहे : उतरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि बाहेरच्या उष्म्यात अर्धा तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरतं.

उन्हाचंही असंच. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश असं छापलेलं असतं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५च्या वर जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताडोब्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून उघड्या जिप्सीत शेकडो काळे कॅमेरे तापत असतात. ते पटापट मरत नाहीत. ४० ही मरणाची रेघ नाही, कंपनीच्या जबाबदारीची आहे. त्रास होतो तो वेगळाच : सेन्सर तापला की दर ६ ते ८ अंशांनी त्याचा अंधारातला गोंगाट साधारण दुप्पट होतो, सावलीत दाणे दिसू लागतात. कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाकणारे ड्रायव्हर हे जाणून असावेत, नाहीतर निदान धातूचा चटका जाणून असावेत.

कंपनी दहा नग फोडते आणि पुढचे लाख नग सुधारते. आपल्याकडे एकच नग. तो फुटला तर दोष नगाचा की छळाचा, हे कळत नाही. न फुटला तर आतून कुठे चीर गेली का, हे तर मुळीच कळत नाही. कुंभारवाड्यात मडकं घेताना आपण टिचकी मारून कान देतो. जमिनीवर आपटून पाहणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. २१ ऑगस्ट २०१७च्या खग्रास सूर्यग्रहणानंतर अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या भाड्यानं कॅमेरे देणाऱ्या कंपनीनं परत आलेल्या सामानाचे फोटो छापले. शटरचे पडदे जळालेले, लेन्समधली पाती वितळलेली, सेन्सरला भोकं. गिऱ्हाइकांनी फिल्टरशिवाय सूर्यावर लेन्स रोखली होती. याहून कडक परीक्षा कुठली? आणि निष्कर्ष काय, तर बहिर्गोल भिंगानं कागद पेटतो. तो आपण पाचवीतच काढलेला.

टिचकी कशी मारायची याचा माझा आवडता दाखला २००७चा आहे. कॅननचा वनडी मार्क थ्री हा खेळांच्या छायाचित्रकारांसाठी काढलेला घोडा. कॅनडातल्या रॉब गॅल्ब्रेथनं तो आपल्या नेहमीच्या कामाला जुंपला : ऊन, धावणारी माणसं, सलग फोटो. फोकस भटकतो, आणि लख्ख उन्हात जास्तच भटकतो, हे त्यानं शेकडो फ्रेम दाखवून मांडलं. त्या वर्षाच्या अखेरीला कंपनीनं आतल्या दुय्यम आरशाची दुरुस्ती जाहीर केली. त्यानं कॅमेरा ना गोठवला, ना आपटला. पोटापाण्याचं काम केलं, फक्त नेहमीपेक्षा हट्टानं. उलट २०१२मध्ये फाइव्हडी मार्क थ्रीच्या वरच्या पडद्याचा दिवा गडद अंधारात मीटरला चकवतो, हा शोध लागला. तोही खरा होता, कंपनीनं मान्यही केला. पण तशा काळोखात दिवा लावून मीटर बघतो कोण?

म्हणून मी चिपळूणला विचारलं, "तुम्ही फोटो कशाचे काढणार?" म्हणाले, नातीचे, खाडीतल्या पक्ष्यांचे, आणि सोमवतीला जेजुरी. म्हटलं, मग जेजुरीसाठी आधी पिशवी शिवा. पुढे-मागे होणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा ओढते, आणि हवेबरोबर भंडाराही. बाकी पंधरा दिवस खाडीवर जा. एक कार्ड सलग फोटोंनी काठोकाठ भरा, दुसऱ्या खणातलंही. बॅटरी दोनदा पूर्ण उतरवा. झाकण लावून तीस सेकंदांचा एक फोटो, आकाशाचा एक. भिंतीवर सपाट वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे पाहा. व्हिडिओ करणार असाल तर तुमच्या खोलीत, तुमच्या उकाड्यात, पंखा बंद करून हवा तेवढा वेळ चालवा. २०२०च्या कॅनन आर५नं ८केमध्ये वीस मिनिटांनी दम खाल्ला, तो आकडासुद्धा २३ अंशांच्या खोलीतला होता. चिपळुणात २३ अंश कधी असतात, ते तुम्हीच सांगा.

परवा पुन्हा फोन आला. कॅमेरा ठणठणीत. पण वर्तमानपत्राच्या डाव्या कडेची अक्षरं मऊ येत होती, अगदी एफ/८लासुद्धा. लेन्सच तिरकी बसलेली. कॅमेरा तिपाईवरून काढून, उलटा धरून, पुन्हा फोटो काढला, तर मऊ कड वर्तमानपत्राच्या उजवीकडे गेली. हे त्यांनी आपणहून केलं, मी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं अकराव्या दिवशी लेन्स बदलून दिली.

मीटरिंग पुढच्या बुधवारी. तोवर ढग जमले तर उत्तम.