पावणेचार घटका

अहोरात्राच्या साठ घटका आणि एका घटकेची चोवीस मिनिटे, हा हिशेब आमच्या आजोबांनी पंचांग मांडीवर घेऊन आम्हांस शिकविला. मुंजीचे व लग्नाचे मुहूर्त सोडले तर पुढे त्याचा उपयोग फारसा पडला नाही. परंतु हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण सुसज्ज रुग्णालयात पोचला म्हणजे नव्वद मिनिटांच्या आत त्याची बंद पडलेली वाहिनी उघडावी, असा आधुनिक वैद्यकाचा दंडक वाचनात आला, तेव्हा आम्ही सवयीने भागाकार केला. उत्तर आले पावणेचार घटका. आमच्या घराने एकदा याहून कितीतरी अधिक घटका केवळ विचारविनिमयात घालविल्या. म्हणून हा लेख.

सन १९९६ चा माघ. गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती. पहाटे आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, छाती आवळल्यासारखी होते म्हणून उठून बसले. डावा खांदा व जबडा दुखत होता. थंडी असूनही सदरा घामाने भिजला होता. घरात अनुभवी माणसांची वाण नव्हती. कोणी पित्त म्हणाले, कोणी वात. ओवा झाला, लिंबू-सोडा झाला, पाठीस तेल चोळून झाले. उजाडल्यावर डॉक्टर आले आणि ताबडतोब रुग्णालयात हलवा म्हणाले. मग वडील मंडळींची बैठक बसली. गावातले उपचार बरे की पुण्याचे, हा वाद तासभर चालला व अखेर पुणे ठरले. रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरांचा. दादांनी इंदापूरही पाहिले नाही. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध त्या काळीही निघालेले होते. रोग दादांच्या दैवी होता खरा. पण त्यास सवड दिली ती आम्ही.

हृदय म्हणजे मुठीएवढा मांसल पंप. तो दिवसाकाठी सुमारे एक लक्ष ठोके देतो व विश्रांतीतही मिनिटास पाचेक लिटर रक्त खेळवितो. बृहदारण्यकात ‘हृदय’ या शब्दाची तीन अक्षरे फोडून आणणे, देणे व जाणे असे अर्थ लाविले आहेत. एवढ्यावरून पूर्वजांस रुधिराभिसरण ठाऊक होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तो मान १६२८ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या हार्वेचा. गंमत अशी की, इतके रक्त हाताळणाऱ्या या इंद्रियास स्वतःचे पोषण मात्र बाहेरून वेढणाऱ्या बारीक धमन्यांतून घ्यावे लागते. साऱ्या पंक्तीस वाढणाऱ्यासही आपले पान निराळे मांडावे लागते, तसेच हे. त्यांतील एखादी धमनी गुठळीने बुजली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

ही धमनी शस्त्रक्रियेवाचून आतून फुग्याने रुंद करण्याची युक्ती ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी १९७७ साली झुरिच येथे प्रथम यशस्वी केली. १९८६ पासून तीत जाळीदार नळी बसवू लागले. एके काळी अशा उपचारांसाठी मुंबई-पुणे गाठावे लागे. आज मनगटातील वा जांघेतील धमनीतून बारीक नळी घालून हे काम सोलापुरातही होते. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे १९६३ पासून आहे. अश्विनी व मार्कंडेय ही रुग्णालये तर सहकाराच्या तत्त्वावर उभी राहिली. खर्चाचे म्हणाल तर राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि हृदयाचे अनेक उपचार तीत येतात.

करमाळा, सांगोला, मंगळवेढा येथील वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. प्रथम जवळचे रुग्णालय गाठून हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा; पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघावा असा नियम आहे. मोठ्या रुग्णालयात धमनी उघडण्यास दोन तासांहून अधिक लागणार असतील, तर योग्य रुग्णास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच देऊन मग पुढे पाठवितात. २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रुग्णास जिना उतरावयास लावू नये, वाहन तर मुळीच चालवू देऊ नये.

धमन्या काही हृदयातच नाहीत. चालताना पोटरी भरून येते व थांबताच उतरते, याला आपण वय झाले म्हणतो. पुष्कळदा तो पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा इशारा असतो. तंबाखू-विडीचे व्यसनी आणि मधुमेही यांनी तो विशेष मानावा. त्यांच्या पायाचे बोट काळे पडेतो वाट पाहणे म्हणजे पाय गमावणे.

आणखी एक. स्त्रियांत व मधुमेह्यांत झटका कित्येकदा छातीत न दुखताही येतो. २०२२ साली आमच्या वहिनींस, दादांच्या पत्नीस, नुसता जबडा दुखून धाप लागली. “वाढायचे झाले की पडेन जरा,” असे त्या म्हणत होत्या. त्यांच्या नातवाने कोणास न विचारता रुग्णवाहिका बोलाविली. शहरातच त्यांची धमनी उघडली गेली व काही दिवसांत त्या घरी आल्या. आल्या दिवशी त्या आम्हांस एवढेच म्हणाल्या, “भावजी, मनास लावून घेऊ नका. तेव्हा इतके कोणास कळत होते?”

आता कळले आहे. एकत्र कुटुंबात प्रत्येक गोष्ट वडिलांस विचारून करण्याची रीत चांगली आहे. आम्हीही ती पाळतो. परंतु आम्ही घरातील लहानथोरांस सांगून ठेविले आहे की, असा प्रसंग आला तर आधी रुग्णवाहिका बोलवावी, विचारणे मागून. वाचकांनीही आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरी एवढे सांगून ठेवावे.