तिसऱ्या भोकामागची तार

“नळाला जरा करंट येतो, चप्पल घालून जा.”

घरी आलेला पाहुणा अंघोळीला निघाला की आई हे सांगायची. टॉवेल खुंटीला आहे, साबण कोनाड्यात आहे आणि नळाला करंट येतो, सगळं एका दमात. कितीतरी वर्षं आम्हाला कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मधल्या काळात दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले. एकाने सॉकेटमागच्या फेज-न्यूट्रलच्या तारा अदलाबदल करून दिल्या, त्याने झिणझिण्या कमी झाल्या. दुसऱ्याने गिझरच बदला म्हणून सांगितलं.

तिसऱ्या खेपेला आले ते पन्नाशीचे, आयटीआय झालेले वायरमन काका. त्यांनी गिझरला हात लावला नाही. आधी टेस्टर नळाला टेकवला, आतला नारिंगी ठिपका उजळला. मग पिशवीतून होल्डरला लावलेला शंभरचा बल्ब काढला. होल्डरला दोन लांब तारा होत्या. एक फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. न्यूट्रलमधली तार काढून वरच्या मोठ्या भोकात घातली, बल्ब विझला. त्यांनी मेन बंद केला, सॉकेट उघडलं आणि आईला जवळ बोलावून दाखवलं. तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती.

“मावशी, घराला अर्थिंगच नाहीये. इतकी वर्षं देवाच्या भरवशावर अंघोळी झाल्या तुमच्या.”

आयटीआयच्या पाटीवर या विद्येचं नाव ‘तारतंत्री’ असं लिहिलेलं असतं. ‘वीजतंत्री’ हा शेजारचा अभ्यासक्रम. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. बोलण्यात मात्र सगळे वायरमनच. जुन्या घरांत या माणसाचं काम भिंतीवर दिसायचं. सागवानी बॅटनपट्टी, तिच्यावर ठरावीक अंतराने ठोकलेल्या पत्र्याच्या क्लिपा, कोपऱ्यात नीट वळवलेल्या तारा आणि दाराच्या वर चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज. वायर मागायची भाषा ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशी असायची, म्हणजे वीस नंबरच्या तीन तारा किंवा सात तारा. जुने हात अजूनही तसंच बोलतात. वायरिंग ओळंब्यात आहे की नाही, हे घरातल्या आजीलाही सांगता यायचं.

मग पाइप भिंतीत गेले, वरून गिलावा आणि रंग आला आणि हे काम नजरेआड झालं. दिसतात ते फक्त स्विच. त्यामुळे घरमालक स्विचची प्लेट निवडायला दुकानात तासभर घालवतो आणि भिंतीत अर्थिंगची हिरवी तार टाकली की नाही, हे विचारतही नाही. आमच्या इमारतीत ती हिरवी तार वाचवली गेली होती. पैसे किती वाचले असतील ते ज्याचं त्याला ठाऊक. मला तो प्रकार चोरीपेक्षा वाईट वाटतो.

तिसऱ्या पिनेचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. प्लगची ती पिन मुद्दाम लांब आणि जाड असते, म्हणजे प्लग आत जाताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. गिझरची कॉइल आतून तडकली आणि वीज बाहेरच्या पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत न्यायची वाट ही पिन देते. जमिनीत खड्डा, त्यात धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं, ही जुनी पद्धत आजही अनेक इमारतींत आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं असतं. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवताना हा खड्डा बुजवून टाकलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत.

आता आईचा प्रश्न. “बोर्डावर एवढे एमसीबी लावलेत, एकही कसा पडला नाही?”

काकांनी उत्तर हिशोबाने दिलं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहम धरला, तर अंगातून जाईल सुमारे पाव अँपिअर वीज. गिझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. त्याच्या लेखी पाव अँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा लागला एवढंच. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. त्याचं काम ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट ओळखणं. माणूस चिकटला आहे, हे त्याला कळत नाही.

माणसासाठी वेगळं यंत्र आहे, आरसीसीबी. जुन्या बोलण्यात ईएलसीबी. याच्या आत एक लोखंडी कडं असतं आणि घराची फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्या कड्यातून जातात. जेवढी वीज फेजमधून आत गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली, तर कडं शांत. कमी परतली, तर उरलेली कुठेतरी गळतेय, भिंतीतून, पत्र्यातून किंवा कोणाच्या हातातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असतो. तेवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आणि गळती मोठी असेल तर त्याहून फार लवकर तो पडतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसांवर प्रयोग करून, किती विजेला हात सुटायचा बंद होतो, ते मोजलं होतं. पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलीअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साडेदहाच्या आसपास. तारेला ‘चिकटला’ असं आपण म्हणतो, ते हेच. स्नायू आवळतात आणि सोडायची इच्छा असूनही मूठ उघडत नाही.

अर्थिंग असेल तर आरसीसीबी माणसाचा हात लागण्याआधीच पडतो. नसेल तर माणसाला झटका बसतो आणि मग पडतो. म्हणून दोन्ही हवीत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर मात्र आरसीसीबीही वाचवू शकत नाही. त्याला ती वीज परत आलेलीच दिसते.

खऱ्या वायरमनची ओळख इथे पटते. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडायला लागतो. कधी गच्चीवरच्या होल्डरमध्ये पाणी शिरलेलं असतं. कधी इन्व्हर्टर बसवताना एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्यात मिसळलेली असते. घाईचा माणूस पाच मिनिटांत आरसीसीबी काढतो, ‘डायरेक्ट’ करून देतो आणि दिवे लागले म्हणून आपण खूश होतो. पुढे आमच्याकडेही आरसीसीबी बसला आणि असाच पडू लागला, तेव्हा काकांनी एकेक एमसीबी बंद करून पाहिला, तरी तो पडतच होता. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. मग त्यांनी मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक काळी तार सोडवली आणि दर वेळी पुन्हा चालू करून पाहिलं. पाचव्या तारेला आरसीसीबी टिकला. स्वयंपाकघरातल्या बोर्डामागे न्यूट्रलची तार सोलली जाऊन ओल्या भिंतीला टेकली होती. या शोधाला दोन तास लागले. त्या दोन तासांचे पैसे मागताना ते संकोचत होते आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

कायद्याने वायरिंगचं काम कोणीही उठून करायचं नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम सांगत होता की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून बाकी काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही हाच पाया राहिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत विजेच्या धक्क्याने गेलेले जीव १२ हजारांहून अधिक आहेत. तरीही आपण कामाला माणूस बोलावताना त्याचा परवाना विचारायला लाजतो आणि ‘पॉइंटचा रेट काय’ एवढंच विचारतो.

विचारायचं ते हे. परवाना दाखवा. गिझर आणि एसीला चार एमएमची, साध्या प्लगांना अडीचची आणि दिव्यांना दीड एमएमची तांब्याची वायर टाकणार ना? हिरवी तार प्रत्येक बोर्डात येणार ना? काम झाल्यावर मेगर लावून तारांचं इन्सुलेशन तपासून दाखवाल का? एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी १६ च्या जागी ३२ चा बसवतो म्हणाला, तर त्याला थांबवा, कारण मग भिंतीतली वायरच फ्यूजचं काम करू लागते. आणि सॉकेटवर तपकिरी डाग किंवा प्लगला जळका वास आला, तर तिथला स्क्रू बहुधा सैल आहे. ती आग ना एमसीबीला कळते ना साध्या आरसीसीबीला. ती फक्त पेचकस घेऊन बसलेल्या माणसाला कळते.

हा अंक बाजूला ठेवून तुमच्या मीटरबोर्डाकडे जा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असेल. घरातला कॉम्प्युटर बंद करून ते दाबा. खटकी खाली पडली तर वर करा आणि महिन्याने पुन्हा दाबा. पडली नाही, किंवा तसं बटणच दिसलं नाही, तर आजच वायरमनला फोन करा. तो आला की सगळ्यांत आधी गिझरच्या सॉकेटचं तिसरं भोक उघडून दाखवायला सांगा.