रंगमंचाच्या अंधुक उजेडात कोणती लेन्स?

नाट्यगृहात फ्लॅश वापरता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त लेन्सवर. एफ/४ पेक्षा एफ/२ ची लेन्स चौपट प्रकाश आत घेते. मग १/६० सेकंदाऐवजी १/२५० वर फोटो घेता येतो आणि नर्तिकेचे हात पुसट होत नाहीत. स्थिरीकरणाने कॅमेऱ्याची थरथर थांबते, तिची हालचाल नव्हे.

मात्र, मोठ्या छिद्राला मोठी काच लागते. १३५ मिमी एफ/२ चं छिद्र सुमारे ६८ मिमी, २०० मिमी एफ/२ चं थेट १००. म्हणूनच कॅननची तशी लेन्स अडीच किलोची आहे! शिवाय फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, ५ मीटर अंतरावर, १३५ ची स्पष्टता जेमतेम १६ सेंटीमीटर खोल. फोकस डोळ्यांवरच हवा.

पहिल्या रांगेतून ८५ मिमी एफ/१.८ पुरते, स्वस्तही पडते. मागून टिपायचं असेल तर मी १३५च सुचवेन.