मेरठची काडतुसे: चरबी, शिसे आणि नेम

१८५७ म्हटले की शाळेतले एक वाक्य हमखास आठवते: नव्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी होती, ती दातांनी तोडावी लागत, म्हणून शिपाई उठले. वरसईच्या गोडसे भटजींनीही महूकडे जाताना शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीगत ऐकली आणि ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवली. पण गोळी आणि बंदूक नीट न पाहिल्यामुळे या वाक्याभोवती बरेच गैरसमज साचले आहेत.

पहिला गैरसमज असा की चरबी धर्म बाटवण्यासाठीच लावली. ती लावली होती नेमासाठी. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर गोळी ०.५६८ इंच. नळीच्या तोंडातून गोळी सहज आत जावी म्हणून हा फरक. गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ असे. दारू पेटली की तिचे बूड फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसे आणि ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडे. नेम साधतो तो या फिरण्यामुळे. मात्र काळ्या दारूची काजळी प्रत्येक बाराबरोबर नळीत थर धरते. वंगण नसेल तर काही बारांनंतर गज कितीही रेटला तरी गोळी खाली उतरत नाही, आट्यांत शिसे चढते आणि पुढच्या गोळ्या भरकटतात.

दात लागत ते टोक चरबीचे होते, हाही समज खरा नाही. काडतूस म्हणजे कागदाची नळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण गोळीकडच्या कागदाला बाहेरून लावलेले असे. शिपाई दारूकडचे कोरडे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, मग काडतूस उलटे करून गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवी, वरचा उरलेला कागद तोडून टाकी आणि गजाने गोळी खाली दाबी.

म्हणून शिपाई अडाणी होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. ही चरबी कोणत्या जनावराची, याची चौकशी दारूगोळा खात्यानेच केली नव्हती. शिपायांना नव्या कागदाचाही संशय होता. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबूज सुरू झाल्यावर सरकारने आपापले वंगण लावण्याची मुभा दिली, पुढे कागद हाताने फाडण्याची कवायतही आणली. पण तोवर विश्वास उडाला होता. मला सर्वांत बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. उष्ण हवेत चरबी वितळते, कागदात मुरते आणि गोळी कोरडी पडते. काही वर्षांतच ब्रिटिश लष्कराने चरबी सोडून मधमाश्यांचे मेण धरले आणि गोळीही ०.५५ इंचांवर आणली. शिपायांना चालले असते ते मेणच कामालाही सरस ठरले.

मेरठला २४ एप्रिलला ९० पैकी ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसेही नव्या एन्फिल्डची नव्हती. ती त्यांच्या जुन्या बंदुकांची, नेहमीचीच होती. ९ मे रोजी पलटणीसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या, १० मे रोजी मेरठ पेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वार दिल्लीत पोचले.

साच्यात ओतलेली गोळी म्हणजे आतून भरीव, असेही मानले जाते. शिसे थंड होताना आकसते, कधी आत हवेची पोकळी राहते. अशा गोळीचा तोल मधोमध राहत नाही, आणि वेगाने फिरताना ती डगमगते. म्हणूनच वूलिचच्या कारखान्यात ओतण्याऐवजी शिशाच्या कांडीतून यंत्राने दाबून गोळ्या काढू लागले. परदेशात आज जुन्या लष्करी रायफलींसाठी घरी गोळ्या ओतणारे हौशी लोक प्रत्येक गोळी तोलून हलकी निघालेली बाजूला काढतात, ते याच कारणाने. गोळीचा व्यास आपल्या नळीला जुळतो का, हे त्यांना आजही आधी पाहावे लागते.

मेरठ, गाझियाबाद किंवा नोएडात मात्र हा घरगुती उद्योग निव्वळ शस्त्र बाळगण्याच्या परवान्यावर करता येत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी अशाच जुन्या .३०३ रायफलींना निरोप दिला, म्हणून त्या बाजारात आल्या असे कुणी समजू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही दारूगोळ्यातच मोडते; बनवायला वेगळा परवाना लागतो. शिशाच्या गोळीचा नेम कायद्याने अजमावायचा, तर १९८२ च्या आशियाई खेळांसाठी तुघलकाबादला उभारलेली करणी सिंग रेंज आहे. तिथे ५० मीटरवर .२२ ची शिशाची गोळी झाडतात आणि तिला वंगण लावलेलेच असते.