हत्ती ओढणारी गाडी आणि दारावरचं लेबल

आपल्याकडे नवी गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ अमेरिकेतल्या शोरूममध्ये फोर्ड एफ-३५० उभी असेल, तर याचं उत्तर काचेवरच्या कागदावर सापडत नाही. मालासकट कमाल वजन ३,८५६ किलोंच्या वर जाणाऱ्या पिकअपवर मायलेज छापायची तिथे सक्तीच नाही. लांब हौद्याच्या डिझेल गाडीची टाकी मात्र १८२ लिटरची!

मोजमापं घ्यायला लागलं की डोळे फिरतात. चार दारं आणि आठ फुटी हौदा असलेली एफ-३५० पावणेसात मीटर लांब आहे. दोन अल्टो एकामागे एक लावा, त्यांच्यापेक्षा ही फूटभरच कमी. मागे जोड टायर घेतले तर रुंदी जवळपास २.४ मीटर, म्हणजे एसटीच्या बरोबरीला आली. ६.७ लिटरच्या जास्त ताकदीच्या डिझेल इंजिनाची शक्ती ५०० हॉर्सपॉवर आणि टॉर्क १,६२७ न्यूटन-मीटर. अल्टो के-१० चा टॉर्क ८९. अठरा अल्टोंची ओढ एका बॉनेटखाली.

प्रतिस्पर्धी रॅमच्या पिकअपला १९८९ पासून, म्हणजे तिच्यावर डॉजचा बिल्ला होता तेव्हापासून, कमिन्सचं डिझेल इंजिन मिळतं. याच कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात पाय रोवले. रॅममधल्या इंजिनाला ऑइल बदलताना अकरा लिटरहून जास्त ऑइल लागतं.

जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा असतो ओढण्याचा. फोर्डचीच एफ-४५० योग्य जोडणीसह १८ टनांचा ट्रेलर ओढू शकते. साडेचार टनांचे चार हत्ती! आपल्या ‘छोटा हत्ती’त, म्हणजे टाटा एसमध्ये, साधारण पाऊण टन माल भरतात. तशा चोवीस खेपांचा माल ही एका दमात नेईल. गंमत म्हणजे एफ-२५० ला अमेरिकेत आजही ‘पाऊण टनी’ म्हणतात आणि एफ-३५० ला ‘एक टनी’. नावं जुन्या काळची. आजची जोड टायरांची ‘एक टनी’ हौद्यात साडेतीन टनांपर्यंत माल घेते.

इथपर्यंत ऐकून खरेदीदार खिशाला हात घालतो. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलर मागून नुसता येत नाही, आपल्या वजनाचा काही वाटा गाडीवर टेकवतो. हौद्यात अडकवायच्या फिफ्थ-व्हील ट्रेलरमध्ये हा वाटा १५ ते २५ टक्के असतो.

आता हिशेब मांडू. समजा, एका डिझेल ‘पाऊण टनी’ची मालासकट वजनाची कमाल मर्यादा ४,५३६ किलो आणि तिचं स्वतःचं वजन ३,४०० किलो. उरले १,१३६. घरची चार माणसं ३०० किलो, ट्रेलरची कडी आणि किरकोळ सामान १०० किलो. शिल्लक ७३६. मागे ६,८०० किलोंचा ट्रेलर लावला, तर २० टक्क्यांनी १,३६० किलो हौद्यावर येणार. म्हणजे ६२४ किलो जास्त! ओढायला इंजिन एका पायावर तयार असतं, ओझं येतं ते टायर, स्प्रिंगा आणि मागच्या अ‍ॅक्सलवर. उलटा हिशेब केला तर या गाडीला झेपणारा ट्रेलर निघतो ३,६८० किलोंचा, आणि जाहिरातीत आकडे असतात नऊ टनांच्या पुढचे. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते हे असं.

त्यात आणखी एक मेख. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे मर्यादा तीच असेल तर पेट्रोलवाली गाडी हौद्यात जास्त माल घेते. ताकदीला भुलून डिझेल घेणारा पाठीवरची जागा गमावून बसतो.

हा सगळा निकाल एका तळहाताएवढ्या लेबलावर छापलेला असतो. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर ते दिसतं. कमाल वजन किती, प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती, सगळं त्याच गाडीपुरतं. शेजारी उभ्या असलेल्या जुळ्या दिसणाऱ्या गाडीत माल कमी-जास्त बसू शकतो, कारण सनरूफपासून पायदानापर्यंत जे जे वाढवाल ते मालाच्या वजनातून वजा होतं.

म्हणून डॅलसला असा किंवा न्यू जर्सीला, अशी गाडी घ्यायची असेल तर आधी दार उघडून लेबल वाचा. मग टाकी भरून, घरच्यांना बसवून ती वजनकाट्यावर उभी करा. सही त्यानंतर.