सहीच्या रेघेपलीकडे

प्रगतिपुस्तकात ‘पालकांची सही’ असं लिहिलेली एक रेघ असते. कितीतरी घरांचा शाळेशी संबंध त्या रेघेपुरताच राहतो. माझी आई चौथी शिकलेली. ओले हात पदराला पुसून ती सावकाश सही करायची आणि पुस्तक मिटून माझ्या हातात द्यायची. ‘गणितात लक्ष देणे आवश्यक’ हा शेरा तिला वाचता यायचा. पण लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे शाळेतून तिला कुणी कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. असं विचारता येतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

‘पालकांनाच आस्था नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकू येतं. मला ते पटत नाही. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवरच्या बाईला तिथं जायचं म्हणजे एक खाडा. मजुरी बुडवून ती आलीच, तर कानावर काय पडतं? हजेरी कमी आहे, आधारकार्डाची झेरॉक्स आणा, घरी अभ्यास घ्या. जिनं स्वतः कधी पाटी धरली नाही, तिनं अभ्यास घ्यायचा कसा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव तिथलं. सरकारची योजना पुढे १९७५ मध्ये आली. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथं मूल शाळेत दिसत नव्हतं, कारण ते गुरांमागे होतं. मग मुलं गुरं राखतात तिथंच शिकवणारी कुरणशाळा निघाली. थोरली बहीण येत नव्हती, कारण धाकटं तिच्या कडेवर होतं. मग शाळेशेजारी पाळणाघर आलं. घर कसं चालतं ते या बायांनी आधी पाहिलं आणि शाळा त्याला जुळवून घेतली. पालकसहभागाबद्दल आज जे काही बोललं जातं, त्यातलं मोलाचं बरंचसं त्या टेकडीवर करून झालेलं आहे.

कायद्यानं नंतर पालकांना मानाची जागा दिली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, तर मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा विकास आराखडाही याच समितीनं करायचा. अधिकार खरे आहेत. पण पुष्कळदा बैठक होतच नाही आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. म्हणजे पुन्हा तीच रेघ. खासगी शाळांतल्या पालक-शिक्षक संघांचा जोर फीवर असतो. तो लढा गरजेचा आहे, पण मूल वर्गात काय शिकतंय हा विषय त्यात मागे पडतो.

म्हणून मला माता गटांचं अप्रूप वाटतं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं. पहिलीत जाणारं मूल आईबरोबर शाळेतल्या मेळाव्याला येतं. तिथं मांडलेल्या एकेका टेबलापाशी ते उड्या मारतं, रंग ओळखतं, चित्राबद्दल बोलतं, वस्तू मोजतं. काय एकट्यानं जमलं आणि कुठं मदत लागली, हे त्याच्या विकासपत्रावर नोंदवलं जातं. आईच्या हाती कृतींची कार्डं येतात. शेजारपाजारच्या आया गट करतात. एकीच्या फोनवर आलेला व्हिडिओ बाकीच्याही पाहतात. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो आणि मधल्या आठवड्यांत काय बदललं ते त्याच पत्रावर दिसतं.

या कृती अगदी घरातल्या. मटकी आणि चवळी वेगळी करायची. जेवणारी माणसं मोजून तेवढी ताटं मांडायची. धुतलेले कपडे लहान-मोठे लावायचे. गोष्ट सांगायची आणि ‘मग पुढे काय झालं असेल?’ असं विचारायचं. यातल्या एकाही कामाला आईला अक्षरओळख लागत नाही, आणि मुलाचं वर्गीकरण, मोजणं, बोलणं मात्र यातूनच पक्कं होतं. ‘घरी अभ्यास घ्या’ या सूचनेपुढे गप्प बसणारी बाई ‘आज ताटं त्याला मांडू द्या’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला येते.

ती काय सांगते, हे शिक्षकांनी कान देऊन ऐकावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण मुलाबद्दल तिला जे माहीत असतं, ते हजेरीपटात कुठंच नसतं. वर्गात तोंड न उघडणारी पोर घरी शेळीच्या करडाशी तासभर बोलते, पण घरच्या बोलीत. नंदुरबारच्या पावरी किंवा गडचिरोलीच्या गोंडी घरातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी ही नवी भाषा असते. बाईंनी आईकडून पाच-पंचवीस शब्द लिहून घेतले, करडाला काय म्हणतात, भाकरीला काय, पावसाला काय, तर सोमवारी त्या पोरीला वर्गात बोलायला काहीतरी असेल.