‘ते रोज धावतात, मग तपासणी कशाला?’

पहाटे रस्त्यावर पळायची ती पोलीस भरतीची पोरं, असं पूर्वी होतं. आता लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही पंचेचाळिशी-पन्नाशीचे गुरुजी, दुकानदार, बँकेतले साहेब बूट घालून निघतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत, नाहीतर जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन डोक्यात असते. चांगलंच आहे. पण “एकदा रक्त तपासून घ्या” म्हटलं, की ठरलेलं उत्तर मिळतं, “रोज धावणाऱ्याला काय होतंय?”

मैत्रिणींनो, हा समज जुना आहे. १९७०च्या दशकात थॉमस बॅसलर नावाचे अमेरिकन डॉक्टर ठासून सांगत, की सिगारेट न ओढता मॅरेथॉन पुरी करणाऱ्याच्या हृदयाच्या धमन्या तुंबत नाहीत. जिम फिक्स या लेखकानं तर धावण्याचं वेड घरोघरी नेलं. १९८४ साली तोच धावता धावता गेला, वय अवघं ५२. शवविच्छेदनात धमन्या चोंदलेल्या निघाल्या. पस्तिशीपर्यंत तो भरपूर सिगारेट ओढायचा, अंगानं जाड होता, आणि त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. क्लॅरेन्स डीमार हा गडी बोस्टनची मॅरेथॉन सात वेळा जिंकला, म्हातारपणापर्यंत धावला. १९५८ मध्ये तो कर्करोगानं गेल्यावर डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासलं. धमन्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद! थर त्यांच्यातही साठला होता, पण वाट मोठी असल्यानं रक्त अडलं नाही. धावण्यानं वाट रुंदावते, भिंती लवचिक राहतात, रक्तदाब उतरतो, हे खरंच आहे. मात्र साठलेला थर धुऊन निघत नाही. घासणीनं भांडं घासावं तसं ते काम नव्हे.

उलट, बेल्जियमच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये साडेपाचशेवर पुरुषांच्या धमन्यांची छायाचित्रं काढली. जन्मभर व्यायाम करणारे, तिशीनंतर सुरू केलेले आणि खेळाडू नसलेले पण निरोगी, असे तीन गट. जन्मभर घाम गाळणाऱ्यांच्या धमन्यांत थर निरोगी गटापेक्षा जास्तच आढळला. म्हणून बूट माळ्यावर टाकायला सांगू नका हं! व्यायाम करणारी माणसं एकंदरीत जास्त जगतात. तपासणीतून सूट तेवढी मिळत नाही.

आणि आपण? लंडनच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये धावणाऱ्या बायकाही तपासल्या, त्यांच्यात असा जादा थर दिसला नाही. आश्विनात तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायकांनी खुशाल जावं. मात्र पाळी गेल्यावर रक्तदाब, साखर आपणही बघायलाच हवी.

घरात नीट लक्ष द्यायचं ते दुखण्याकडे. धावताना, चढावर छातीत दाटतं, जबडा किंवा हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. रोजच्याच अंतराला पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते. याला पुरुष “पित्त आहे” म्हणतात आणि आपण ओवा-सैंधव पुढे करतो. तो ओवा डब्यातच राहू द्या. धावणं बंद, आणि डॉक्टर गाठायचे. विश्रांती घेऊनही दुखणं थांबलं नाही, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना.

काही दुखत नसलं तरी चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यावं. पट्ट्यावर चालवून काढायचा कार्डिओग्राम लागतो का, हे डॉक्टर सांगतील. त्यासाठी सोलापूर-लातूर गाठावं लागलं तरी कुरकुर नको. जाताना सासरे, चुलत सासरे कितव्या वर्षी, कशानं गेले ते आठवून सांगा. पुरुषांना हे आठवत नाही. सासूबाईंना विचारलंत तर सालासकट सांगतील. तंबाखूची पुडी खिशात असेल तर तेही तिथंच सांगून टाका, घरी येऊन भांडण झालं तरी चालेल. आणि अंगात ताप असताना शर्यत कितीही जवळ आलेली असली, तरी बूट बाहेर काढू द्यायचे नाहीत.